विहिणी समुद्राला निघतात

नांदेड,
२२ जानेवारी २०२४

सौ. केवळाबाई विहीणबाई यांना गोदावरीचा नमस्कार. शेषेरावांनाही सांगावा.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी तुम्ही शेषेरावांचा गुडघा सुजल्याचं सांगत होता आणि मी इकडून "वा, छान झालं" म्हणत होते. कानातलं यंत्र माणूस समोर बसला की बरं चालतं, फोन लावला की शिट्टी मारतं. तेव्हा आता पोस्टावरच भिस्त.

एक विचार मनात आहे. तुमची आरती आणि माझा राघवेंद्र यांच्या लग्नाला चौथं वर्ष लागलं. एवढ्या काळात आपण दोघी भेटलो किती, तर एकदा लग्नाच्या नोंदणीला आणि एकदा यांच्या तेराव्याला. दोन्ही वेळा बोलणं असं झालंच नाही. तर या वेळी आपण दोघींनी मिळून समुद्र बघायला जावं, असं मला वाटतं.

मी नोकरीभर भूगोल शिकवला. खडूनं फळ्यावर कोकणची किनारपट्टी इतक्यांदा काढली की आता डोळे मिटून काढीन. पण त्या किनाऱ्यानं कधी गेले नाही. यांची गाडी दारात उभी आहे. मीच चालवते, पण लोह्याच्या पलीकडं कधी नेली नाही. आणि गंमत बघा, आमच्या इथून निघालेला रस्ता लोह्यावरून, अहमदपूरवरून, तुमच्या चाकूरच्या फाट्यावरून, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीला उतरतो. तुम्ही रोज ज्या रस्त्यावर भाजीची गाडी थांबवता, तोच. रत्नागिरीहून डावीकडं वळलं की समुद्राच्या कडेकडेनं पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड आणि शेवटी मालवण.

खर्च बेतानं करू. शाळांना सुट्ट्या लागायच्या आत गेलं तर खोल्या स्वस्त मिळतात. बाकी भक्तनिवास आहेतच. छोटा गॅस आणि चहाचं सामान मी घेईन. पेट्रोल निम्मं निम्मं.

मुलं देवगडला आहेत, पण दोघांच्या नोकऱ्या, त्यांच्यावर भार नको. उभ्या उभ्या आरतीला भेटू. राघवेंद्र मालवणच्या कॉलेजात शिकवतोच, तो तिथंच येऊन भेटेल. शेवटचा मुक्काम म्हणून मालवणच धरू.

कळवा.

आपली,
गोदावरी


चाकूर,
३१ जानेवारी

गोदावरीबाई विहीणबाई यांना केवळाबाईचा रामराम.

पत्र पोस्टमननं ह्यांच्या हातात दिलं. हे म्हणले, आण, वाचून दाखवतो. मी म्हणलं, सातवी पास हाय मी. विहिणीचं पत्र म्हणल्यावर आधी उभ्या उभ्याच फोडलं, काय कमीजास्त झालं म्हून. वाचून झाल्यावर जीव भांड्यात पडला.

समुद्र मी बघितला न्हाई. घरणीचं धरण भरलं की आमी बघायला जाताव, तेच लई वाटतंय. आरती लग्नापासून म्हणती, आई ये, आई ये. पर शेत सोडून जायाचा मौकाच आला न्हाई.

ह्यांला इचारलं. म्हणले, "गाडी कोण चालवणार?"

म्हणलं, "विहीणबाई."

ह्यांनी गुडघा चोळला. मग म्हणले, "घाट हाय म्हणं तिकडं."

म्हणलं, "रस्ता हाय तर घाट बी असंल."

मग म्हणले, "जा. पोरीला तुरीची डाळ ने."

म्हंजे मंजूर झालं. हरभरा फेब्रुवारीच्या शेवटाला निघंल, त्याच्या पुढं कवाबी. खाण्याची जिमेदारी माझी. धपाटे, दशम्या, जवसाची चटणी आन् शेंगदाण्याची चटणी घेते. हाटेलात एक रुपाया घालायचा न्हाई. तुमच्या कानाची फिकीर करू नका. मी शेजारी बसून मागचे हॉर्न ऐकते. मोठी गाडी आली की तुमच्या दंडाला बोट लावीन.

पर एक सांगते, राग मानू नका. मालवणात आपलं काय काम? पोरीचं घर देवगडात हाय तर देवगडात चार दिस ऱ्हाऊ. जावईबापूंना तसदी देऊ नका, त्यांचं कॉलेज असतंय. त्यांला मागनं भेटू. आधी आपण दोघी आन् आरती, बायाबाया ऱ्हाऊ. किल्ले बिल्ले मला काय कळत न्हाईत.

केवळाबाई


नांदेड,
९ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई,

तुमच्या पत्रानं फार हुरूप आला. मी तयारीला लागले आहे.

आमच्या शेजारी अमृतराव राहतात, एस. टी. तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना शेजारी बसवून भोकरपर्यंत दोनदा जाऊन आले. तिकडं असा घाट नाही, पण थोडा चढउतार आहे. ते म्हणाले, "बाई, उतारावर गाडी मोकळी सोडायची नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि मागचा कितीही भोंगा वाजवू दे, आपण आपल्या चालीनं." मी म्हटलं, भोंगा तर मला तसाही ऐकू येत नाही. ते पहिल्यांदाच हसले.

सांगलीला मंजुषा म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी आहे. पहिला मुक्काम तिच्याकडं. दुसरा पावसच्या भक्तनिवासात. कुणकेश्वरलाही भक्तनिवास आहे, पण महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा असते. ती उलटू दे. ११ मार्च, सोमवार, असा दिवस धरला आहे. गाडीचे टायर बदलून घेतले. कपडे दोन जोड पुरे, कोकणात दमट असतं, सुती घ्या.

देवगडबद्दल मात्र माझं थोडं ऐका. आरती कृषी खात्यात आहे आणि मार्च म्हणजे आंब्याचा हंगाम. ती दिवसभर बागांमधून हिंडत असणार. आपण चार दिवस तिच्या घरी बसून काय करणार? तिला रजा मिळणं किती अवघड असतं बघा ना, संक्रांतीलासुद्धा राघवेंद्र एकटाच येऊन गेला, तिला रजाच नव्हती. म्हणून म्हणते, देवगडला एक रात्र आणि बाकीचे दिवस मालवणला. मालवणला समुद्र अगदी गावात आहे.

तुम्ही हो म्हणा, म्हणजे मी खोलीचं बोलते.

गोदावरी


चाकूर,
१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. संक्रांतीला आरतीला रजा न्हवती आसं तुमी लिवलंय. संक्रांतीला आरती हितं होती. चांगली आठ दिवस होती. वाण घेऊन गल्लीत हिंडली माझ्यासंगं.

आता मी सरळच लिवते. मला आडून बोलायला जमत न्हाई, आन् गेला महिनाभर तेच करून राहिले, त्यानं जीव बेजार झाला.

आरतीनं मला संक्रांतीच्या करीला सांगितलं. दिवाळीपासून ती देवगडात एकटी ऱ्हाती. जावईबापूंनी मालवणात खोली केलीया. मी इचारलं, मारलं का? न्हाई म्हणली. दारू? न्हाई. दुसरी बाई? "आई, तसलं काय न्हाई. तो वाईट न्हाई. आमी एका घरात दोन भाडेकरू झालो होतो," आसं म्हणली. मारलं असतं तर भांडाया आले असते.

ह्यांला अजून सांगितलं न्हाई. तुमाला म्हाईत नसंल आसं समजून मी देवगड देवगड करून राहिले, पोरीला आधी एकटीला भेटावं म्हून. आता तुमचं मालवण मालवण बघून वाटतंय, तुमाला बी म्हाईत हाय.

खरं काय ते लिवा. आन् जायाचं का न्हाई तेबी लिवा. हरभरा काढायला आलाय.

केवळाबाई


नांदेड,
२४ फेब्रुवारी

केवळाबाई,

मला माहीत होतं.

संक्रांतीला राघवेंद्र जेवायला बसला होता. मी विचारलं, "आरती का नाही आली?" त्यानं पानावरून मान वर न करता सांगितलं. मला वाटलं यंत्रात काही बिघाड झाला. परत सांग म्हटलं. त्याला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागली, मोठ्यानं. बिचाऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर आठ दिवसांनी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. समुद्र बघायचा नव्हता असं नाही, फार बघायचा होता. पण त्या दोघांच्या दारात एकटीनं जायचा धीर होत नव्हता. आणि तुम्हाला खरं कळलं तर तुम्ही माझ्या गाडीत बसणार नाही, अशी भीती होती. आमच्याकडच्या लोकांनी या लग्नाला काय काय म्हटलं, ते मला आठवतं. शेषेरावांनी सगळ्या भावकीला अंगावर घेऊन पोरीच्या मागं उभं राहायचं ठरवलं, हेही आठवतं. आता तीच माणसं "आम्ही म्हणत होतो ना" म्हणतील. मला त्यांच्या बोलण्याचं काही नाही. तुमचं गाव लहान, तुम्हाला ते रोज ऐकावं लागेल.

पण मी जायचं म्हणते. टायर बदलले म्हणून नव्हे. घरी बसून मी रोज त्या दोघांची वेगवेगळी भांडणं मनानं रचते, आणि खरं तर मला काहीच माहीत नाही.

फक्त एक ठरवून जाऊ. दोघांनाही भेटायचं, पण "आमच्यासाठी एकत्र या" असं कुणी म्हणायचं नाही. तुम्ही माझ्या मुलाशी बोला, मी तुमच्या मुलीशी बोलते. आपापल्या लेकरांचं आपण ऐकलंच आहे.

जमणार असेल तर सोमवारी ११ तारखेला उजाडता फाट्यावर उभ्या राहा. नसाल, तर मी काही न म्हणता गाडी वळवून परत येईन.

गोदावरी


चाकूर,
२८ मार्च

विहीणबाईंना रामराम.

तुमी मला फाट्यावर सोडून गेलात त्याला आता बरेच दिस झाले. घरात पाय टाकला आन् हरभऱ्याची रास, पावणेरावळे, ह्यांचा गुडघा, सगळं एकदम अंगावर आलं. म्हून उशीर.

हितं बाया इचारतेत, समुद्र कसा हाय? मला सांगताच येत न्हाई. मला वाटलं होतं धरणासारखं पाणी भरून उभं असंल. ते तर सारखं काय ना काय करतच ऱ्हातंय. पूर्णगडाच्या पुढं तुमी गाडी कडंला घेतली आन् आपण दोघी धपाटं खात बसलो. तेवढंच मला सारखं आठवतंय. मालवणपेक्षा तेच बरं होतं.

आता तुमी मला मालवणच्या खोलीवर इचारलं होतं, राघवेंद्र माझ्याजवळ काय बोलला, आन् मी "मागनं सांगते" म्हणले होते. दुपारी तुमी कानातलं यंत्र काढून झोपला होता तवा. आमी दोघं व्हरांड्यात बसलो होतो. मी त्याला काय इचारलं न्हाई. शेंगा फोडत बसले. थोड्या येळानं त्यानंच सुरू केलं.

तो म्हणला, बाबा गेले तवापासून मला सारखं नांदेड दिसतंय. आईला फोन ऐकू येत न्हाई, एकटी गाडी चालवती, पडली बिडली तर कोण हाय. तो रोज आरतीला म्हणायचा, नांदेडला जाऊ, बदली घे. ती म्हणायची, मला हितलं काम सोडायचं न्हाई, तिकडं येऊन लोकांच्या नजरा बी झेलायच्या न्हाईत. त्यो म्हणायचा, माझी आई हाय ती. ती म्हणायची, मग तू जा. आसं वर्षभर. मग दोघं बी म्हणायचं बंद झाले, आन् मग बाकीचं बोलायचं बी बंद झालं.

हे तुमाला सांगावं का न्हाई, लई इचार केला. पर दडवून आपण दोघींनी काय कमावलं ते बघितलं. तुमी मनाला लावून घेऊ नका. ते निमित्त झालं. मी त्याला म्हणलं, "बापू, तुमची ती एकटी आई आंबा घाट उतरून हितवर आलीया. टायर बी तिनंच बघून बदलले." तो शेंगाची टरफलं गोळा करून टाकून आला.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ह्यांला सगळं सांगितलं. हे उठून गुरांकडं गेले. पाणी दाखवून आले आन् म्हणले, "एकटी ऱ्हाती, तर दार नीट लावती का?"

म्हणलं, "लावती. शेजार चांगला हाय."

"मग ठीक हाय," म्हणले. रातचं जेवले न्हाईत मात्र.

आरती तुमाला बागंत घेऊन गेली होती, ती काय म्हणली ते लिवा.

केवळाबाई


चाकूर,
२६ जून

विहीणबाई,

मार्चात पत्र धाडलं त्याचं उत्तर न्हाई. पोस्टमनला दोनदा इचारलं. पोस्टात गहाळ झालं आसं धरून परत लिवते.

तुमाला कळलंच असंल, दोघांनी राजीखुशीनं कोर्टात कागद दिले. आरती मे महिन्यात आली होती, आंब्याची पेटी घेऊन. ह्यांच्यापाशी बसून सगळं स्वतःच सांगितलं. हे ऐकत बसले. मग म्हणले, "तुझं मन साफ हाय ना?" ती हाव म्हणली. मग आमी तिघांनी आंबे खाल्ले.

गावात व्हायचं ते बोलणं झालं. एका लग्नात भावकीतल्या एकानं काढलं, आमी तवाच म्हणत होताव. ह्यांनी जेवतं ताट ठेवून दिलं आन् म्हणले, "माझ्या पोरीला तुमच्या घरात द्यायची वेळ आली न्हाई, यातच मी खूश हाय." तवापासून भावकी जरा गप्प हाय.

पेरणी झालीया. सोयाबीन चांगलं उगवलंय.

तुमी बऱ्या हाव ना? एक ओळ लिवा, फक्त बरी हाय म्हून.

केवळाबाई


नांदेड,
८ जुलै

केवळाबाई,

बरी आहे. दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं गहाळ झालं नव्हतं, मीच उत्तर दिलं नाही.

राघवेंद्रचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी गाडीला हात लावला नाही, दीड महिना. माझ्या एकटेपणापायी लेकराचं घर मोडलं असं मनानं घेतलं. तुम्ही मनाला लावू नका म्हणालात, पण ते काय आपल्या हातात असतं? शेवटी मी त्याला लिहिलं. लिहिलं की तुला नांदेडला यायचं असेल तर ये, कॉलेजं इथंही आहेत, पण तुझ्यासाठी ये. माझ्यासाठी येणार असशील तर तिथंच राहा, आणि वर्षातून दोनदा मीच मालवणला येईन, रस्ता आता मला पाठ आहे. त्याचं उत्तर आलं. तो सध्या तिथंच राहतो म्हणाला. त्याला शाळेत असताना पोहता येत नव्हतं, आता शिकतो आहे म्हणे.

आरतीचं विचारलंत. तिनं मला टेकडीवरच्या बागेत नेलं. तांबडा कातळ, त्यावर आंब्याची झाडं, आणि खाली सगळा समुद्र. झाडांवरची कैरी दाखवत ती कितीतरी वेळ बोलत होती, कुठल्या झाडाला काय झालं, औषध कधी मारायचं. वारा होता, मला निम्मंच ऐकू आलं. पण तिचा चेहरा बघत होते. नांदेडच्या माझ्या घरात ती दोन दिवाळ्यांना आली, तेव्हा तो चेहरा मी पाहिला नव्हता. मला वाटलं, हिला इथून उपटून काढायचं म्हणजे काय, ते राघवेंद्रला दिसलं नसेल का? मग वाटलं, दिसलं असेल, म्हणूनच तो निघाला.

उतरताना मी तिला म्हटलं, "मी तुझ्याकडं सून परत मागायला आले नाही." तिनं माझा हात धरला होता, उतार होता म्हणून. ती म्हणाली, "मला माहीत आहे. आई रस्त्यातून फोनवर म्हणाली." मग खाली येईपर्यंत हात सोडला नाही. मे महिन्यात तिची पेटी मलाही आली.

उत्तर न लिहिण्याचं दुसरं कारण जरा वेड्यासारखं आहे. कागद घेऊन बसायची आणि मायन्यापाशीच अडायची. काही महिन्यांनी कोर्टाचा निकाल लागेल, मग मी तुमची विहीण राहणार नाही. तुम्हाला पत्र लिहायचं ते कोणत्या नात्यानं? लोक विचारतील. शेषेरावांना आवडेल की नाही, कोण जाणे. म्हणून राहूनच गेलं.

सोयाबीन चांगलं आहे वाचून बरं वाटलं.

गोदावरी


चाकूर,
१७ जुलै

गोदाताई,

मायना जमत नसंल तर सोडून द्या. नुसतं केवळा लिवा. मीबी आजपासून विहीणबाई लिवणार न्हाई, वर लिवलंय तेच लिवणार. निकालाची वाट कशाला बघायची.

माझं एक काम हाय तुमच्याकडं. मला गाडी शिकायची हाय.

हसू नका. आंबा घाटात उतरताना तुमी भ्याला होता, स्टेरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी बघितलं, पर बोलले न्हाई. बोलले असते तर तुमी थांबला असता, आन् तिथं थांबायला जागा न्हवती. तवाच मनात आलं, एकीनंच किती चालवायची. ट्रॅक्टर मी शेतात चालवलाय, सरळ रेषेत. वळवायला ह्यांला बोलवावं लागतंय. तेवढं वळवणं शिकवा, बाकी जमंल. लायसन काढायला आरती म्हणली सगळं मोबाईलवर असतंय, ती करून देती.

पुढल्या मार्चात आपण रत्नागिरीपासून उजवीकडं वळू. डावीकडचं झालं. तिकडं कुणाचं लेकरू न्हाई, म्हंजे मधी कुठं काय बोलायचं, कुठं न्हाई, हा इचार करायचा न्हाई. नुसतं बघत जायाचं. खोल्या तुमी बघा, धपाटे माझे.

मूग तोडून झाला की ऑगस्टात चार दिस येते नांदेडला. अमृतरावांना सांगून ठेवा, एक विद्यार्थी हाय म्हून.

हे बाजेवर बसून मघापासून बघायलेत. म्हणले, "कुणाला लिवायलीस?"

म्हणलं, "गोदाताईला."

"आता ती आपली कोण?" वाईट मनानं न्हाई इचारलं. त्यांला खरंच कळंना.

मी जरा इचार केला. म्हणलं, "ती आन् मी एका गाडीत होताव."

ह्यांनी मान हलवली. म्हणले, मग मूग जास्तीचे ने.

केवळा